टर्कीचं घरटं आणि आगीचं कॅलेंडर

रानटर्कीची मादी घरटं बांधत नाही. झुडपाच्या आडोशाला, पडलेल्या फांदीखाली किंवा उंच गवतात जमीन जराशी उकरते, त्यात साधारण रोज एक अशी दहा-बारा अंडी घालते आणि मग अठ्ठावीस दिवस त्यांवर बसून राहते. अमेरिकेच्या आग्नेय भागात, म्हणजे जॉर्जिया, फ्लोरिडा, अलाबामा, कॅरोलिना या पट्ट्यात, हे सगळं एप्रिल ते जूनच्या दरम्यान घडतं. आणि नेमक्या याच महिन्यांत तिथल्या वनखात्याची माणसं हातात पेटती मशाल घेऊन जंगलाला आग लावत फिरतात. मुद्दाम, नकाशे आखून, परवाने काढून.

पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हा सरळसरळ वेडेपणा वाटला. जमिनीवर अंडी आहेत हे माहीत असताना जमीन कोण पेटवतं? महिनाभर थांबायला काय हरकत आहे? पण या प्रश्नाच्या मागे जाता जाता मी शंभर वर्षं मागे गेलो. तेव्हा लक्षात आलं की ‘आग कधी लावायची’ या साध्या दिसणाऱ्या प्रश्नाचं उत्तर तिथे दोनदा बदललंय, आणि ते बदलण्यात एका दुसऱ्याच पक्ष्याचा मोठा हात आहे.

आगीनं वाढवलेलं जंगल

आधी हे समजून घेऊ की तिथलं जंगल जाळायचंच कशाला.

युरोपीय लोक येण्यापूर्वी व्हर्जिनियापासून टेक्सासपर्यंत सुमारे ९ कोटी एकरांवर लाँगलीफ पाइनचं जंगल पसरलं होतं. जंगल म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे दाट झाडी येते. हे तसं नव्हतं. उंच, सरळ, एकमेकांपासून अंतर राखून उभे असलेले पाइन आणि त्यांच्याखाली लांबवर पसरलेलं गवत. बागेसारखं मोकळं. ते मोकळं राहायचं, कारण दर दोन-चार वर्षांनी त्यातून आग फिरायची. कधी विजेमुळे, कधी तिथल्या मूळ रहिवाशांनी लावलेली. मस्कोगी, अपलाची अशा समाजांना हे तंत्र पिढ्यान्पिढ्या ठाऊक होतं.

ही आग आपण बातम्यांत पाहतो तशी शेंड्यांना गिळणारी नसायची. गुडघाभर उंचीची, गवत आणि वाळलेल्या सुया खात पुढे सरकणारी. लाँगलीफचं रोप तर जणू तिच्यासाठीच घडलंय. पहिली काही वर्षं ते गवताच्या झुबक्यासारखं दिसतं. वाढीचा कोंब मधोमध, सुयांच्या जुडग्यात झाकलेला. आग वरून निघून जाते, सुया जळतात, कोंब वाचतो. शेजारची ओक, स्वीटगम अशी रुंद पानांची रोपटी मात्र जमिनीपर्यंत जळतात. आग थांबली की हीच रोपटी दहा-पंधरा वर्षांत पाइनखाली भिंत उभी करतात. सावलीनं गवत मरतं, पाइनची नवी रोपं उगवत नाहीत, आणि गवतावर जगणारं सगळं हळूहळू निघून जातं.

नंतर आलेल्या गोऱ्या गुराख्यांनी आणि शेतकऱ्यांनीही जाळण्याची ही रीत उचलली. हिवाळ्याच्या शेवटी रान जाळायचं, म्हणजे गुरांना कोवळं गवत मिळतं, गोचिड्या आणि साप कमी होतात. मोठ्या जमीनदारांच्या रानात प्रत्यक्ष जाळण्याचं काम बरेचदा कृष्णवर्णीय मजूर करत. वारा कुठून आहे, दव किती आहे, कोणत्या वेळी आग आपोआप विझेल, हे त्यांना अनुभवानं कळायचं. त्यांची नावं इतिहासात फारशी सापडत नाहीत.

आग म्हणजे अडाणीपणा

१९०५ मध्ये अमेरिकेची वनसेवा स्थापन झाली. तिचे पहिले प्रमुख गिफर्ड पिंचो. ते वनशास्त्र शिकायला फ्रान्समधल्या नान्सीला गेले होते आणि त्यांना दिशा देणाऱ्यांमध्ये होते डीट्रिख ब्रँडिस. हे नाव आपल्याला परकं नाही. १८६४ मध्ये भारताच्या वनखात्याचे पहिले महानिरीक्षक झालेले जर्मन गृहस्थ ते हेच. म्हणजे सह्याद्रीतल्या आणि जॉर्जियातल्या जंगलांचे कायदे ज्या विचारातून आले, त्यांचं मूळ बऱ्याच अंशी एकच आहे: मध्य युरोपातलं वनशास्त्र. त्या शास्त्रात जंगल म्हणजे लाकडाचं भांडवल आणि आग म्हणजे नुकसान. बस्स.

म्हणून दक्षिणेतल्या लोकांना ‘सुधारण्याची’ मोहीम निघाली. १९२८ पासून तीन वर्षं अमेरिकन फॉरेस्ट्री असोसिएशनचे तरुण प्रचारक ‘डिक्सी क्रूसेडर्स’ या नावानं ट्रकमध्ये प्रोजेक्टर आणि जनरेटर घालून खेडोपाडी फिरले. आगीविरुद्धचे सिनेमे दाखवले, भाषणं केली, पत्रकं वाटली. तरी लोक जाळतच राहिले. मग १९४० मध्ये जॉन शी या मानसशास्त्रज्ञानं एक लेख लिहिला. लोक रानं का जाळतात हे शोधायला वनसेवेनंच त्याला पाठवलं होतं. निष्कर्ष काय? कंटाळा, करमणुकीचा अभाव आणि बापजाद्यांची सवय. गोचिड्या, साप, कोवळं गवत ही कारणं लोक स्वतः सांगत होते. ती निव्वळ सबबी ठरवून बाजूला ठेवली गेली. लोक जे करतात त्यामागे काही ज्ञान असेल, ही शक्यता त्या चौकशीत विचारातच घेतली गेली नाही.

लाव्यांनी ठरवलेली तारीख

ही कोंडी फोडली एका पक्ष्यानं आणि त्याच्यामागे लागलेल्या एका माणसानं.

फ्लोरिडा आणि जॉर्जियाच्या सीमेवर, टॅलाहासी ते थॉमसव्हिल दरम्यान, रेड हिल्स नावाचा भाग आहे. उत्तरेकडच्या श्रीमंतांनी तिथे मोठमोठ्या जमिनी घेऊन शिकारीची रानं केली होती. शिकार मुख्यतः बॉबव्हाइट या लाव्याची. १९२० च्या दशकात लावे कमी व्हायला लागले, तेव्हा या मालकांनी पैसे उभे केले आणि सरकारच्या मदतीनं १९२४ मध्ये अभ्यास सुरू केला. काम मिळालं हर्बर्ट स्टॉडर्ड यांना.

स्टॉडर्डकडे पदवी नव्हती. शाळाही अर्धवट सुटलेली. लहानपणाची काही वर्षं फ्लोरिडातल्या पाइनच्या रानात गेली होती. तिथे गुराखी रान कसं जाळतात हे त्यांनी पाहिलं होतं. पुढे ते संग्रहालयात पक्ष्यांमध्ये पेंढा भरण्याचं काम शिकले. अशा माणसानं काही वर्षं लाव्यांची घरटी शोधली, मोजली, कोणतं का फसलं याच्या नोंदी ठेवल्या. निष्कर्ष असा निघाला की लाव्यांना आग हवी. आग बंद झाली की रान दाटतं, जमिनीवरून पिल्लांना चालता येत नाही, बिया आणि किडे मिळत नाहीत.

१९३१ मध्ये त्यांचं बॉबव्हाइटवरचं जाडजूड पुस्तक आलं. त्यातलं आगीवरचं प्रकरण अधिकाऱ्यांच्या आक्षेपांमुळे त्यांना पुन्हा पुन्हा लिहून सौम्य करावं लागलं. पण मुद्दा टिकला. १९४३ मध्ये वनसेवेनं दक्षिणेतल्या पाइनच्या राष्ट्रीय जंगलांत ठरवून आग लावायला परवानगी दिली. गंमत बघा, लगेच पुढच्या वर्षी, १९४४ मध्ये, त्याच वनसेवेचं टोपीवालं अस्वल ‘स्मोकी बेअर’ पोस्टरवर अवतरलं आणि आग किती वाईट हे अख्ख्या देशाला सांगू लागलं. एकाच संस्थेचे दोन हात दोन दिशांना.

आता तारखेकडे येऊ. स्टॉडर्ड म्हणाले, जाळा, पण हिवाळ्याच्या शेवटी. फेब्रुवारी-मार्च. कारण सोपं होतं: तोवर शिकारीचा हंगाम आटोपलेला असतो आणि लाव्यांची घरटी सुरू व्हायची असतात. थंड हवेत आग ताब्यातही राहते. पुढे १९५८ मध्ये रेड हिल्समध्येच ‘टॉल टिंबर्स’ हे संशोधन केंद्र सुरू झालं, त्यात स्टॉडर्ड यांचा सहभाग होता. १९६३ मध्ये त्या केंद्रातर्फे त्यांनी खासगी जमिनींवरच्या रानटर्कीबद्दल स्वतंत्र पुस्तिकाही लिहिली.

म्हणजे एका पक्ष्याची घरटी वाचवायला, विशिष्ट प्रकारच्या मालकांच्या सोयीनं निवडलेली ही तारीख. तीन-चार दशकांत ती ‘नियोजित आगीचा हंगाम’ होऊन बसली. लोक सवयीनं पाळू लागले, आणि ती का निवडली होती ते मागे पडलं. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये असा एखादा आकडा असतो. कुणीतरी विचार करूनच टाकलेला, पण विचार कुठे लिहून ठेवलेला नाही. मग कुणीही त्याला हात लावायला धजत नाही.

दुसरं बंड

हात लावला तो वनस्पतिशास्त्रज्ञांनी. त्यांचा प्रश्न होता: विजा कधी पडतात?

त्या भागात वादळांचा जोर मे ते ऑगस्टमध्ये असतो. म्हणजे माणूस तिथे पोचण्याआधी हजारो वर्षं जंगलातल्या बहुतेक आगी उन्हाळ्यातल्या असणार. याचे पुरावे झाडाझुडपांतच सापडले. पाइनखाली पसरणारं वायरग्रास हिवाळ्यात जाळलं तर पुन्हा हिरवं होतं, पण फुलोरा आणि बी फारसं धरत नाही. वाढीच्या हंगामात जाळलं की भरभरून फुलतं.

दुसरा पुरावा दक्षिण कॅरोलिनातल्या सँटी इथल्या प्रयोगाचा. १९४६ पासून तिथे जमिनीचे तुकडे पाडून काही हिवाळ्यात, काही उन्हाळ्यात, काही दरवर्षी, काही अधूनमधून जाळले गेले. १९८९ मध्ये ह्यूगो चक्रीवादळानं जंगल आडवं करेपर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून जास्त, हा प्रयोग चालला. हिवाळ्यातल्या आगीनंतर रुंद पानांची रोपटी मुळांपासून पुन्हा फुटत राहिली. दरवर्षी उन्हाळ्यात जाळलेल्या तुकड्यांत ती मुळासकट संपत गेली. पानं फुटायला मुळांतला साठा खर्ची पडलेला असतो, नेमका तेव्हाच घाव बसतो, म्हणून.

याच सुमारास आणखी एक पक्षी चर्चेत आला: लाल पट्ट्याचा एक छोटा सुतारपक्षी, जो जिवंत जुन्या पाइनमध्येच ढोली कोरतो. १९७० मध्ये तो संकटग्रस्त ठरला. त्याला मोकळं रान हवं, म्हणून सरकारी जंगलांत आणि लष्कराच्या सरावाच्या जमिनींवर एप्रिल ते जूनमधली आग वाढू लागली. लाव्यासाठी ठरलेलं कॅलेंडर सुतारपक्ष्यासाठी पुढे सरकलं, आणि टर्कीच्या अंड्यांवर येऊन थांबलं.

शिकाऱ्यांचा राग

इथे रागावले ते टर्कीचे शिकारी, आणि त्यांचा राग समजण्यासारखा होता. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बेसुमार शिकार आणि जंगलतोड यांमुळे अमेरिकेत रानटर्की सुमारे दोन लाखांवर आल्या होत्या. पिंजऱ्यात वाढवून सोडलेले पक्षी जगत नव्हते. १९५१ मध्ये दक्षिण कॅरोलिनात तोफेनं उडवायच्या जाळ्यानं रानातल्या टर्की पकडण्याची युक्ती जमली आणि मग एका राज्यातून पकडून दुसऱ्या राज्यात सोडण्याचं काम पुढची कित्येक दशकं चाललं. याचा पैसा मोठ्या प्रमाणात शिकाऱ्यांच्या परवान्यांतून आणि करांतून आला. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत संख्या ६० लाखांच्या पलीकडे गेली. मग आग्नेयेकडच्या राज्यांत पुन्हा उतरंड लागली. ज्यांनी आयुष्यभर या पक्ष्यासाठी खस्ता खाल्ल्या, त्यांना मे महिन्यात पेटलेलं रान दिसत असेल तर ते गप्प कसे बसतील?

आगीत जळालेलं एक घरटं डोळ्यांना दिसतं. रान दाटल्यामुळे जे घरटं झालंच नाही, ते कुणालाच दिसत नाही. या वादाची मूळ अडचण ही आहे.

म्हणून मी कागदावर एक हिशोब मांडून पाहिला. तो निव्वळ काल्पनिक आहे, पण प्रश्नाचा आकार कळायला पुरेसा आहे. समजा १२,००० एकरांचं जंगल, हजार-हजार एकरांचे बारा तुकडे. प्रत्येक तुकडा तीन वर्षांतून एकदा जाळायचा, म्हणजे वर्षाला चार. त्यांतले दोन हिवाळ्यात, दोन एप्रिल ते जूनच्या ९१ दिवसांत कधीतरी. ३६ घरटी सगळीकडे सारखी विखुरलेली आहेत असं धरलं, तर त्या दोन तुकड्यांत सहा येतील. एक घरटं अंडी घालण्याचे बारा आणि उबवण्याचे अठ्ठावीस असे चाळीस दिवस धोक्यात असतं. आग नेमकी त्या चाळीसांत येण्याची शक्यता सुमारे ४४ टक्के. म्हणजे सहापैकी दोन-तीन घरटी. एकूण छत्तिसांच्या साधारण सात टक्के.

सात टक्के म्हणजे शून्य नव्हे. पण रॅकून, ओपोसम, कोल्हे, कावळे आणि साप यांच्यामुळे रानटर्कीची निम्म्याहून जास्त घरटी एरवीही फसतात. त्या तुलनेत हा आकडा लहान आहे.

प्रत्यक्ष पाहणीतही चित्र असंच दिसलं. उत्तर कॅरोलिनातल्या फोर्ट ब्रॅग या लष्करी तळावर दर तीन वर्षांनी, बरेचदा वाढीच्या हंगामात, जाळणी होते. तिथे माद्यांच्या पाठीवर ट्रान्समीटर लावून घरटी शोधली गेली. आगीच्या तावडीत सापडलेली अगदी थोडी निघाली. कारण टर्की काही माझ्या हिशोबातल्यासारख्या सगळीकडे सारख्या विखरत नाहीत. बऱ्याच माद्यांनी ओढ्याकाठच्या, झुडपांच्या ओलसर पट्ट्यांजवळ घरटी केली होती, जिथे आग नीट पोचत नाही.

शिवाय घरटं लवकर गेलं तर मादी बरेचदा दुसरं करते. एप्रिलच्या सुरुवातीला, चार-पाच अंडी झालेली असताना ते गेलं, तर हंगाम हातात असतो. वीस-बावीस दिवस उबवून झाल्यावर मेच्या शेवटी गेलं, तर वर्ष जवळपास संपलं. पिल्लं मात्र अंड्यातून निघाल्यावर दिवसभरातच आईमागे चालू लागतात आणि दोनेक आठवड्यांत थोडंफार उडतात. मग त्यांना हवी असते मोकळी, किड्यांनी भरलेली, कोवळ्या गवताची जागा. म्हणजे नुकतीच जळून पुन्हा हिरवी झालेली. आईला घरट्यासाठी दोन-तीन वर्षांपूर्वी जळालेलं आडोशाचं रान हवं आणि पिल्लांना यंदाचं. दोन्ही जवळजवळ हवं, कारण एवढीशी पिल्लं मैलोगणिक चालू शकत नाहीत.

म्हणून तारखेइतकाच महत्त्वाचा ठरतो तुकड्याचा आकार. हजारो एकर एका दिवसात हेलिकॉप्टरमधून पेटवले, तर मधला भाग टर्कीच्या फार उपयोगाचा राहत नाही. त्या कडेकडेनंच वावरतात. तेच क्षेत्र लहान तुकड्यांत, वेगवेगळ्या महिन्यांत जाळलं, तर आडोसा आणि मोकळीक शेजारी-शेजारी राहतात. पण लहान तुकडे म्हणजे जास्त माणसं, जास्त आगरेषा, जास्त दिवस, जास्त पैसा. वाद चालतो अंड्यांवर, अडतं मात्र बजेटवर.

थांबण्याची किंमत

आता सुरुवातीचा प्रश्न: महिनाभर थांबायला काय हरकत आहे?

हरकत अशी की आग हवी तेव्हा लावता येत नाही. वारा ठरावीक वेगाचा आणि दिशेचा हवा, नाहीतर धूर हायवेवर किंवा शाळेवर जातो. हवेत दमटपणा फार नको, फार कमीही नको. कालचा पाऊस वाळलेला हवा. अशा अटी लावत गेलं की वर्षातले मोजकेच दिवस उरतात. त्यातून एप्रिल ते जून वगळला, तर काही तुकडे यंदा राहतात, काही पुढच्या वर्षी. तीन वर्षांचं चक्र पाच-सहा वर्षांवर जातं. तोवर ओकची भिंत उभी. टर्कीसाठी वाचवलेल्या रानात टर्कीलाच जागा राहत नाही. आणि लाँगलीफचं जंगल आधीच ९ कोटी एकरांवरून विसाव्या शतकाच्या अखेरीस जेमतेम ३० लाखांवर आलं होतं. तिथे चुकवलेलं प्रत्येक चक्र महाग पडतं.

इथवर आल्यावर ‘सह्याद्रीतले वणवे मग चांगलेच की’ असा निष्कर्ष काढायचा मोह होऊ शकतो. तो टाळावा. लाँगलीफ आगीसोबत घडलेलं जंगल आहे; पश्चिम घाटातली सदाहरित राई तशी नाही. तिथे आग शिरली तर ती संपते. पण ‘आग म्हणजे गुन्हा’ एवढंच सांगणारा कायदाही अपुरा आहे. आपल्याकडे १९२७ च्या भारतीय वन कायद्याच्या कलम २६ नुसार राखीव जंगलात आग लावणं गुन्हा आहे. पण याच वनखात्यात, ब्रह्मदेशातल्या सागाच्या जंगलांत, एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस काही अधिकारी तक्रार करू लागले होते की आगीपासून फार जपलेल्या जंगलात सागाची नवी रोपं उगवत नाहीत. ज्या शाळेनं आगबंदी शिकवली, तिच्याच विद्यार्थ्यांना जमिनीवर वेगळं दिसत होतं.

स्टॉडर्ड यांची तारीख चुकीची नव्हती. ती लाव्यांसाठी बरोबर होती. विजांची तारीखही बरोबर, वायरग्राससाठी आणि पाइनसाठी. टर्कीच्या शिकाऱ्यांची भीतीही खोटी नाही. फसगत तेव्हा होते, जेव्हा यांतली एकच तारीख सगळ्या जंगलाची तारीख म्हणून छापली जाते. आज तिथले जाणकार महिने बदलत राहायला सांगतात: यंदा हा तुकडा फेब्रुवारीत, तीन वर्षांनी तोच मेमध्ये, शेजारचा जुलैत, आणि ओढ्याकाठचं झुडूप जसं आहे तसं सोडून. नोंद मात्र प्रत्येक वेळी ठेवायची: कोणता तुकडा, कोणत्या दिवशी, कशासाठी. त्यातलं ‘कशासाठी’ लिहून ठेवलं, तर चाळीस वर्षांनी येणाऱ्या माणसाला ते कॅलेंडर बदलता येईल.